पुरवठादाराचं ‘पीएफएएस वापरत नाही’ हे पत्र चालेल का?

क्वालिटी_डेस्क : आमची खाद्यपदार्थांची तेलरोधक कागदी पाकिटं युरोपात जातात. युरोपीय संघाचा पॅकेजिंगचा नवा कायदा (२०२५/४०) १२ ऑगस्ट २०२६ पासून लागू. कागदवाल्याने लेटरहेडवर लिहून दिलंय की ‘आम्ही पीएफएएस (तेल-पाणी रोखणारी फ्लोरिनयुक्त रसायनं) जाणूनबुजून टाकत नाही’. साहेब म्हणतात, मग टेस्टिंगचा खर्च कशाला? यावर भागेल का?

लॅबताई : नाही भागणार. कायदा हेतू विचारत नाही, पाकिटात काय सापडलं ते बघतो. अन्नाला लागणाऱ्या पॅकेजिंगसाठी कुठलाही एक पीएफएएस २५ पीपीबी (अब्ज भागांत २५ भाग), मोजलेल्यांची बेरीज २५० पीपीबी आणि पॉलिमर धरून सगळं ५० पीपीएम (दशलक्ष भागांत ५० भाग), याच्या आत हवं.

मी हेच नमुने रोज हाताळते. आधी एकूण फ्लोरिनची चाचणी करून घ्या. त्यात कागद जाळतात, निघालेला वायू द्रावणात शोषून घेतात आणि आयन क्रोमॅटोग्राफ या यंत्रावर त्यातलं फ्लोरिन मोजतात. आकडा ५० पीपीएमच्या वर गेला, तर ते फ्लोरिन कशातून आलं याचा पुरावा द्यावा लागतो.

तुमचा कागदवाला खोटंच बोलतोय असं नाही. लगदा रिसायकलचा असेल तर जुन्या पाकिटांवरचं कोटिंग त्यातून येतं. कार्बन-फ्लोरिनचा बंध इतका चिवट की लगदा करताना तो तुटत नाही. आज आपण जे कागदावर लावू ते उद्या रद्दीतून दुसऱ्याच कुणाच्या पाकिटात जाणार, म्हणून मला हा नियम फार गरजेचा वाटतो.

रोटोग्राव्हर : तेलाचा थेंब टाकून कळत नाही का?

लॅबताई : थेंब मण्यासारखा उभा राहिला तर संशय घ्या. पसरला म्हणून मात्र पास समजू नका.

क्वालिटी_डेस्क : आणि छपाईचं? पिवळा रंग बराच आहे.

लॅबताई : तो नक्की तपासा. शिसं, कॅडमियम, पारा आणि हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप), चौघांची मिळून मर्यादा १०० मिलिग्रॅम प्रतिकिलो. ती जुनीच आहे. पिवळ्यात लेड क्रोमेट निघालं तर शिसं आणि हेक्झाव्हॅलंट क्रोमियम दोन्ही एकदम भरतात. एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं हातातलं यंत्र) एकूण क्रोमियम दाखवते, त्यातलं हेक्झाव्हॅलंट किती ते नाही. त्यासाठी वेगळी रासायनिक चाचणी लागते.

क्वालिटी_डेस्क : साहेबांना हेच दाखवतो. कागदाची रोलं थांबवलीत.

लॅबताई : नमुना पाठवताना त्याच रोलचा बॅच नंबर लिहा. रिपोर्ट तांत्रिक फाइलला (पॅकेजिंग नियमात बसतं हे दाखवणाऱ्या कागदपत्रांना) लावा. एकदाच वापरायच्या पॅकेजिंगची ती फाइल ५ वर्षं ठेवायची असते.