चर्चा: अधिवेशनाआधी आमदाराला हवामान कायद्यासाठी पत्र लिहावं का?

पाणकळा
डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन. त्याआधी प्रत्येकानं आपल्या आमदाराला एक पानाचं पत्र टाकावं, असं माझं म्हणणं आहे. मागणी एकच: राज्याला हवामानबदलाचा स्वतंत्र कायदा हवा, तुम्ही त्याला पाठिंबा द्या.

आज आपल्याकडे जे आहे ते एकतर अभियान, नाहीतर आराखडा. 'माझी वसुंधरा' २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला, त्यात २०५० पर्यंत नेट झीरो, म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्य, असं लिहिलंय. चांगलंच आहे. पण उद्या साहेब बदलले आणि आराखडा कपाटात गेला, तर जाब कोणाला विचारणार? कायद्यात कलम असतं, कलमामागे जबाबदार अधिकारी असतो. माळढोक पक्ष्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं मार्च २०२४ मध्ये मान्य केलं की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळणं हा घटनेच्या कलम १४ आणि २१ मधला हक्क आहे. हक्क आहे, पण तो कोणत्या खिडकीवर मागायचा हे कुठेच लिहिलेलं नाही.

आणि 'हे केंद्राचं काम' हे कृपया सांगू नका. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानं १९७७ ला केला. दिल्लीत तो व्हायला २००५ उजाडलं.

टेकडीवाला
+१. पत्राचा मसुदा टाका, मी सोसायटीच्या ग्रुपवर फिरवतो.

सातबारा
फिरवा. पण आधी एका जुन्या कायद्याची गोष्ट ऐका.

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९. नावातच २००९ आहे. राष्ट्रपतींची मंजुरी २०१३ ला, अंमल २०१४ पासून, आणि नियमांचा मसुदा लोकांसमोर आला २०१८ ला. त्या कायद्यात शेती-उद्योगासाठी ६० मीटरहून खोल विहिरीला मनाई आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट.

माझी बोअर सहाशे वीस फूट आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात घेतली. तमिळनाडूची पाटी असलेली गाडी रात्री अकराला शेतात शिरली, कारण दिवसा दुसरीकडे बुक होती. दोनशे फुटांवर नुसता फुफाटा. चारशेवर चिखल आला, वाटलं लागलं, पण तो ओलावाच निघाला. दर फुटाला मीटर पडत होता आणि मी नि माझा चुलता बॅटरी घेऊन पांढऱ्या धुळीत उभे. पहाटे पाणी लागलं, दीड इंच. पुढच्या महिन्यात बांधापलीकडच्या काकांची विहीर खडखडीत. ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, आणि त्यांचं चुकतही नाही.

त्या रात्री मला कोणी अडवलं नाही. ना तलाठी, ना ग्रामसेवक. असा कायदा आहे हेच मला दोन वर्षांनी पेपरात वाचून कळलं. त्यामुळे 'कायद्यामागे जबाबदार अधिकारी असतो' हे वाक्य वाचून हसू आलं, माफ करा.

पाणकळा
हसा. पण हा कायदा नको म्हणण्याचा मुद्दा झाला, की राबवा म्हणण्याचा?

सातबारा
राबवला असता तर माझी मोसंबी जळाली असती. आता बोला.

ऐनकिंजळ
सातबारांशी सहमत, आणि कोकणातून एक भर. आमच्याकडे झाडं लोकांच्या मालकीची. १९६४ चा वृक्षतोड अधिनियम आहे, त्याच्या यादीत ऐन, किंजळ, फणस, जांभूळ सगळं येतं. बेकायदा तोडीला दंड हजार रुपयांपर्यंत. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं तो पन्नास हजार करायचं ठरवलं. शहरात टाळ्या. इकडे ओरड झाली, आणि ती लाकूडमाफियांचीच होती असं समजू नका.

माझ्या आजीनं दोन ऐन विकून आत्याचं लग्न केलं. डोंगरातली झाडं म्हणजे आमची फिक्स डिपॉझिट. ती मोडायला परवानगीचे हेलपाटे, आणि नाही मोडली तर हातात काय? शून्य. डोंगर हिरवा ठेवल्याबद्दल आजवर कोणी आम्हाला चहासुद्धा पाजलेला नाही. पश्चिम घाटाचंही तेच. ३१ जुलै २०२४ ची मसुदा अधिसूचना बघा, महाराष्ट्रातलं १७,३४० चौ. किमी संवेदनशील क्षेत्रात. गाव आमचं, बंधन आम्हाला, आणि स्वच्छ हवा एक्स्प्रेस-वेच्या पलीकडे.

टेकडीवाला
म्हणजे तोडू द्यायची? माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३. अजून किती?

ऐनकिंजळ
तळिये माझ्या मामाच्या तालुक्यात आहे साहेब. मला यादी नका वाचून दाखवू. इर्शाळवाडीच्या लोकांनी कुठलं जंगल विकून बंगले बांधले होते?

टेकडीवाला
बरोबर. शब्द मागे.

पेन्शनर
मंत्रालयात कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो, तेव्हा थोडं आतलं.

पाणकळा, तुमचं पत्र आमदारापर्यंत जाईल की नाही ते सोडा. समजा गेलं. तो एकटा काय करणार? अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराचं विधेयक, मांडेल, ते शुक्रवारी कार्यक्रमपत्रिकेवर येईल आणि 'सरकार विचार करील' म्हटल्यावर मागे घेतलं जाईल. सरकारी विधेयक असेल तर पक्षाचा व्हीप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश. दहाव्या अनुसूचीनंतर, म्हणजे १९८५ च्या पक्षांतरबंदीपासून, 'पाठिंबा द्या' ही विनंती आमदाराला करणं म्हणजे ड्रायव्हरला सोडून कंडक्टरला गाडी वळवायला सांगणं.

पण तारांकित प्रश्नाला, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यानं सभागृहात तोंडी द्यायचं असतं त्याला, व्हीप नसतो. एलएक्यू (विधानसभेतला असा प्रश्न) आला की खात्यात काय धावपळ होते ते मी तीस वर्षं पाहिलं. तीन वर्षं पडून असलेली फाईल एका दुपारी सापडते. उपसचिव जेवायचा थांबतो. जिल्ह्याकडून माहिती मागवतात, ती खोटी निघाली तर हक्कभंगाची भीती. म्हणून माझा सल्ला: कायदा मागू नका, प्रश्न मागा. असलेल्या कायद्याचा.

रोहयोचं उदाहरण दिलंत तेही अर्धं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे त्यामागे होते आणि त्यासोबत पैसा होता. शहरातल्या नोकरदारावर व्यवसाय कर बसवला आणि त्यातून गावातल्या मजुराला काम दिलं. पगाराच्या पावतीवर दरमहा दोनशे कापलेले दिसतात ना, तो कर. पैशाचं कलम होतं म्हणून तो कायदा चालला. तुमच्या हवामान कायद्यात ऐनकिंजळांना पैसे देणारं कलम आहे का?

ऐनकिंजळ
हे छापून दारावर लावतो.

पाणकळा
हे मी खरंच धरलं नव्हतं. कबूल. स्वतंत्र कायदा हवाच, तिथून हलत नाही, कारण पैशाचं कलम तरी कुठल्या कायद्यात घालणार? पण या अधिवेशनासाठी पत्र बदलतो.

मागच्या वर्षी मी आमदारांच्या कार्यालयात गेलो होतो, तेव्हा पीएनं विचारलं, "पर्यावरण म्हणजे रोपं पाहिजेत का? किती?" मी दहा मिनिटं ग्लोबल वॉर्मिंग समजावत होतो आणि मागे पेव्हर ब्लॉकवाले ताटकळले होते. चूक पीएची नव्हती. माझ्या अर्जात करण्यासारखं काही नव्हतंच.

आता मसुदा असा: "भूजल अधिनियम, २००९ अन्वये आपल्या जिल्ह्यात गेल्या तीन वर्षांत ६० मीटरहून खोल किती विंधन विहिरी आढळल्या, त्यांवर कोणती कारवाई केली, व नसल्यास विलंबाची कारणे काय?" पेन्शनर, भाषा तपासा.

पेन्शनर
"हे खरे आहे काय" ने सुरुवात करा, नाहीतर प्रश्न वाटणार नाही. 'विलंबाची कारणे' ठेवा, ते शब्द खात्याला झोंबतात. 'आपल्या' नको, जिल्ह्याचं नाव घाला.

सातबारा
उत्तरात माझी बोअर निघाली तर दंड कोण भरणार?

पाणकळा
निघू शकते. खोटं कशाला बोलू?

सातबारा
मग माझा उपप्रश्न घाला. 'बंदी करताना फळबागांना पाण्याची पर्यायी व्यवस्था काय, आणि तिचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून?' हा असेल तर मी सही करतो. बांधापलीकडच्या काकांनाही विचारतो.

पाणकळा
घातला.