तालुक्याच्या वाचनालयातल्या कर्मचाऱ्यांसाठी चांगल्या कार्यशाळा सुचवा

दाखलनोंद:
नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. पुस्तकं २६ हजारांच्या घरात, त्यात कथा-कादंबऱ्याच जास्त. माझ्याशिवाय देवघेवीला एक ताई आहेत, आणि पुस्तकं लावणं, बांधणी, झाडलोट असं सगळं बघणारे एक काका. कार्यकारी मंडळाने यंदा कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी अंदाजपत्रकात वेगळी रक्कम ठेवली आहे. फार मोठी नाही, पण ती सत्कारणी लागावी अशी फार इच्छा आहे.

संगणकीकरण सुरू करायचंय. सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं, कोहा की ई-ग्रंथालय, हेही ठरलेलं नाही. मासिकांचे जुने बांधीव खंड आहेत, त्यांची पानं हात लावला की मोडतात. आणि शनिवारी शाळा सुटल्यावर मुलं येतात, पुस्तक बदलतात आणि निघून जातात. त्यांनी थांबावं असं वाटतं.

कार्यवाह म्हणतात, “तुम्ही पदवीधर, तुम्हीच सगळीकडे जा आणि परत येऊन दोघांना सांगा.” मला हे पटत नाही. अनुभवी लोकांनी सांगा, कुठे जावं आणि कोणी जावं?

शेल्फक्रम:
कोणी जावं याचं उत्तर आधी देतो, कारण कुठे जायचं ते त्यावरून ठरतं. ज्याच्या हातून ते काम होणार आहे, त्याने जावं. बांधणी काका करतात ना, मग जतनाच्या कार्यशाळेला काकाच गेले पाहिजेत. ऐकून आलेलं दुसऱ्याच्या हातात उतरत नाही. महाविद्यालयीन ग्रंथालयात नोकरी करताना हे वारंवार पाहिलंय: प्रमाणपत्र साहेबांच्या फाइलला आणि काम शिपायाच्या माथी.

आता सॉफ्टवेअर. महाविद्यालयांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं ‘सोल’ आहे, त्याची प्रशिक्षणं चांगली असतात, पण तुमच्या उपयोगाची नाहीत. ई-ग्रंथालय हे एनआयसीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचं. ते मुख्यतः शासकीय ग्रंथालयांसाठी आहे, म्हणून तुमच्यासारख्या अनुदानित संस्थेला मिळेल का हे जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना लेखी विचारून घ्या. कोहा मुक्त स्रोत आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रामीण भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी ते बनवलं गेलं आणि २००० साली तिथे सुरू झालं, म्हणजे जन्मच आपल्यासारख्या वाचनालयातला. परवान्याचा खर्च शून्य, पण लिनक्सवर चालतं आणि ते सांभाळणारा माणूस लागतो. गावात असा कोणी नसेल, तर कार्यशाळेच्या आधी त्याचा शोध घ्या.

नाव नोंदवण्याआधी आयोजकांना फोन करून विचारा: प्रत्येकाला स्वतंत्र संगणक मिळणार का, मराठी पुस्तकांच्या नोंदी करून घेणार का, आणि नंतर अडलं तर कोणाला फोन करायचा? दिवसभर पडद्यावर स्लाइड दाखवून संध्याकाळी गटाचा फोटो काढणाऱ्या कार्यशाळा खूप आहेत. ज्यांना या प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत, त्यांच्याकडे पैसे भरू नका.

कोकणवारा:
शेल्फक्रम यांना अनुमोदन. मराठी नोंदींबद्दल भर घालते, कारण खरी मेख तिथेच आहे.

कोहाच्या कार्यशाळेत हमखास दाखवतात की आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) टाकला की दुसऱ्या ग्रंथालयातून तयार नोंद उतरवून घेता येते. इंग्रजी पुस्तकाला ते छान चालतं. मराठी पुस्तकांच्या नोंदी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे खूप आहेत, कारण त्यांचं दिल्लीचं कार्यालय १९६२पासून भारतीय भाषांतली पुस्तकं घेतं. पण त्या नोंदी बहुतेक रोमन लिपीत असतात, अक्षरांवर आडव्या रेघा आणि खाली ठिपके. तुमच्या वाचकाने देवनागरीत नाव टाकलं तर त्या सापडणार नाहीत. शिवाय जुन्या पुस्तकांना आयएसबीएनच नसतो. थोडक्यात, बहुतेक नोंदी तुम्हालाच युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या देवनागरीत, टाइप कराव्या लागणार. देवघेवीच्या ताईंना कार्यशाळेला पाठवण्याआधी इन्स्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी टंकनाचा प्रमाण कळफलक, शिकवा. जुनी यादी एखाद्या डीटीपी फाँटमध्ये असेल तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

दुसरं म्हणजे लेखकांची नावं. दाखल नोंदवहीत एकाच माणसाचं नाव एकाने ‘कुसुमाग्रज’ लिहिलेलं असतं, दुसऱ्याने ‘शिरवाडकर वि. वा.’, तिसऱ्याने ‘वि.वा.शिरवाडकर’, मध्ये जागा न सोडता. संगणकाला ही तीन माणसं. कोणतं रूप ठेवायचं आणि बाकीची त्याला कशी जोडायची, याला कोहात सोय आहे; ती शिकवतात का ते नक्की विचारा. जाताना आपल्याकडच्या वीस-पंचवीस अवघड पुस्तकांच्या शीर्षकपानांचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा: टोपणनाव, अनुवाद, दिवाळी अंक, अनेक खंडांचा ग्रंथ. तिथे बसून त्यांच्याच नोंदी करा.

जुनेपान:
काकांसाठी लिहितो. पुण्यात भांडारकर संस्थेत हस्तलिखितांच्या जतनाचं काम मोठं आहे आणि मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कलावस्तू संवर्धन केंद्र आहे. दोन्हीकडे चौकशी करा. पण स्पष्ट सांगा की आमच्याकडे पोथ्या नाहीत, विसाव्या शतकातले छापील, आम्लयुक्त कागदाचे खंड आहेत. दोन्हींचे प्रश्न वेगळे असतात.

कार्यशाळेला जाईपर्यंत निदान नुकसान थांबवा. सेलोटेप पूर्ण बंद. त्याचा चिकट थर पिवळा पडून कागदात मुरतो, पट्टी सुटून जाते आणि डाग कायम राहतो. लॅमिनेशनही नको, ते परत सोडवता येत नाही. फाटलेल्या पानाला पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, हे पाणी लावून पुन्हा काढता येतं. काकांनी हातात घेऊन शिकायचं ते हेच: टिश्यू कापायचा नाही, पाण्याची ओली रेघ ओढून तिच्यावर फाडायचा, म्हणजे कडेला तंतू मोकळे राहतात आणि जोड जाणवत नाही. हे व्हिडिओ बघून येत नाही, शेजारी उभं राहून कोणीतरी बोट धरावं लागतं.

आणि बंद खोलीतल्या डांबरगोळ्या कमी करा. त्या वाफेत काका दिवसभर काम करतात, त्यांच्या तब्येतीचा प्रश्न आहे. कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढा, वारा खेळू द्या, पावसाळ्यात ओल कुठे येते ते बघा. कसर आणि वाळवी दोन्ही ओलीच्या मागे येतात.

पणजीकर:
मुलांच्या विभागासाठी गोव्यातल्या बुकवर्म या संस्थेचं काम जरूर पाहून या. मुलांसोबत वाचन हा त्यांचा गाभा आहे. टाटा ट्रस्टच्या ‘पराग’ उपक्रमाचा ग्रंथालय शिक्षकांसाठी अभ्यासक्रम आहे, इंग्रजी आणि हिंदीत. तो काही महिन्यांचा असतो, घरून अभ्यास आणि मधे प्रत्यक्ष वर्ग, म्हणून वेळ काढता येत असेल तरच. पण त्यातून जे मिळतं ते एका दिवसाच्या ‘कथाकथन कौशल्य’ शिबिरात मिळत नाही. तिथे आवाज काढायला शिकवतात. इथे कोणत्या मुलापुढे कोणतं पुस्तक ठेवायचं हे शिकवतात.

मोठा आवाज काढता येत नाही म्हणून ताई मागे सरत असतील तर त्यांना सांगा, की खाली सतरंजीवर बसून, पुस्तक मुलांकडे धरून, चित्रावर थांबत थांबत वाचलं तरी पुष्कळ झालं.

दाखलनोंद:
सगळ्यांचे मनापासून आभार. कार्यवाहांना हा धागा वाचून दाखवला. काकांना पाठवायला तयार झाले, ताईंचं इन्स्क्रिप्ट सुरू केलंय. अडचण पैशांची: तिघांचा प्रवास आणि मुक्काम धरला तर रक्कम एका कार्यशाळेतच संपते. यावर काही मार्ग?

शेल्फक्रम:
आहे. तुम्ही जाण्याऐवजी शिकवणाऱ्यांना बोलवा. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय लायब्ररी फाउंडेशन (स्थापना १९७२) पुस्तकांसाठी मदत करतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. कार्यशाळा आणि प्रशिक्षण वर्गांसाठीही त्यांची योजना आहे, हे फार कमी जण वापरतात. प्रस्ताव ग्रंथालय संचालनालयामार्फत जातो, तेव्हा सुरुवात जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांपासून करा. एकट्या वाचनालयाने मागण्यापेक्षा तालुक्यातल्या ‘क’ आणि ‘ड’ वर्ग वाचनालयांना बरोबर घ्या. तिथे एकच माणूस असतो, तो दोन दिवस बाहेर गेला की कुलूप लागतं. कार्यशाळा तालुक्यात झाली तर तोही येईल.

जागेसाठी जवळच्या महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा मागा. सुट्टीच्या दिवशी बहुधा नाही म्हणत नाहीत.

जुनेपान:
जतनाची कार्यशाळा मात्र वाचनालयातच ठेवा, तुमच्याच खंडांवर. मोठं टेबल, उजेड आणि पाण्याची सोय एवढं लागतं. पावसाळ्यात ठेवू नका, खळ वाळत नाही. दिवाळीनंतरची तारीख धरा.