मंगळावरचा कालवा, पात्र आणि ओघळ

मंगळावरच्या जुन्या, कोरड्या प्रवाहमार्गांना इंग्रजीत ‘चॅनल’ म्हणतात; त्या ‘चॅनल’ला मराठीत कालवा म्हणावं का? माझ्या मते अजिबात नाही, आणि कारण आपल्या भाषेतच आहे. कालवा खणावा लागतो. पाट कुणीतरी काढलेला असतो. ओढा आणि ओहोळ मात्र आपली वाट आपणच करतात. डोंगरातून कालवा उगम पावला, असं मराठी माणूस चुकूनही म्हणणार नाही, इतका हा भेद पक्का आहे.

नेमका हाच भेद हरवल्यामुळे मंगळाबद्दल मोठा घोळ झाला होता. १८७७ मध्ये जोव्हान्नी स्कियापारेल्ली या इटालियन खगोलशास्त्रज्ञानं मंगळावर दिसलेल्या रेषांना ‘कनाली’ म्हटलं. इटालियनमध्ये हा शब्द खोदलेल्या कालव्यालाही चालतो आणि नैसर्गिक प्रवाहमार्गालाही. इंग्रजीत जाताना त्यातला कालवाच तेवढा पुढे गेला. कालवे म्हटले की ते खणणारेही आले. अमेरिकेत पर्सिव्हल लोवेल यांनी १८९४ मध्ये वेधशाळा उभारली, आणि मंगळवासीयांनी ध्रुवांवरचं पाणी कोरड्या भागात नेण्यासाठी ही बांधकामं केली आहेत असं ते अखेरपर्यंत मांडत राहिले. १९६५ मध्ये मरिनर ४ हे अमेरिकी यान मंगळाजवळून गेलं. त्याच्या छायाचित्रांत विवरं दिसली, कालव्यांचं जाळं दिसलं नाही. त्या रेषा बहुतेक डोळ्यांना झालेला भास होता.

पुढे १९७१ मध्ये मरिनर ९ मंगळाभोवती फिरू लागलं, आणि खरेखुरे कोरडे प्रवाहमार्ग सापडले. त्यांच्यासाठी मी ‘पात्र’ हा शब्द सुचवेन. नदी आटली तरी पात्र उरतं. पात्र म्हणजे मुळात भांडं; आत काय होतं आणि आता काय आहे, यावर तो शब्द काही बोलत नाही. शिवाय या पात्रांपैकी एका मोठ्या समूहाचं अधिकृत नावच ‘मंगल व्हॅलेस’ आहे (‘व्हॅलिस’ म्हणजे लॅटिनमध्ये दरी, ‘व्हॅलेस’ हे तिचं अनेकवचन). तिथल्या मोठ्या व्हॅलिसांना निरनिराळ्या भाषांतली मंगळाची नावं देण्याची प्रथा आहे. ‘कासेई’ जपानीतून आलं, ‘आरेस’ ग्रीकमधून आणि ‘मंगल’ संस्कृतातून. तेव्हा ‘मंगल पात्रे’ लिहिताना आपण परकं नाव मराठीत आणत नाही, आपलंच नाव परत घेतो.

‘ओघळ’ हा माझा आवडता शब्द, पण तो जपून वापरावा लागतो. विवरांच्या उतारांवर वरून खाली आलेल्या अरुंद चऱ्या २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांत दिसल्या, आणि त्या हुबेहूब पावसानं मातीत पाडलेल्या ओघळांसारख्या आहेत. तिथे आकारासाठी हा शब्द चालावा, जरी आज त्यांतले बदल कार्बन डायऑक्साइडच्या हिमामुळे होत असल्याचं बहुतेक अभ्यासक मानतात. पण काही उतारांवर उन्हाळ्यात लांबत जाणारे आणि थंडीत फिके पडणारे गडद पट्टे आहेत, त्यांना ओघळ म्हणू नये. २०१५ मध्ये त्यांचा संबंध खारट पाण्याशी जोडला गेला, तर २०१७ मध्ये ते कोरड्या वाळूच्या घसरणीसारखे वागतात असं दाखवलं गेलं. ओघळतं ते पातळ असतं. वाद मिटलेला नसताना आपला शब्द निकाल देऊन बसतो. ‘गडद पट्टे’ इतकंच म्हणावं.

हीच तक्रार ‘व्हॅलेस मरिनेरिस’ या मंगळावरच्या प्रचंड दरीला ‘मरिनेरिस खोरे’ म्हणण्याबद्दल. खोरं नदीचं असतं. नदी आणि तिला येऊन मिळणारे प्रवाह जेवढ्या भूभागाचं पाणी वाहून नेतात तो सगळा प्रदेश. व्हॅलेस मरिनेरिस ४,००० किलोमीटरहून लांब आणि जागोजागी ७ किलोमीटरपर्यंत खोल आहे, पण ती मुख्यतः नदीनं कोरलेली नाही. थार्सिस या ज्वालामुखींच्या प्रदेशाचा प्रचंड फुगवटा तयार होताना कवच ताणलं गेलं, फाटलं आणि मधला भाग खाली बसला. मग कडे ढासळून ती रुंदावली. शाळेच्या भूगोलातला ‘खचदरी’ हा शब्द तिला जवळचा. घळई म्हटलं की पुन्हा नदी आलीच. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ लॅटिन संज्ञा वापरतो त्या याचसाठी चांगल्या: त्या आकार सांगतात, कारण सांगत नाहीत. सखल सपाटीला ‘प्लॅनिशिया’, उंच सपाटीला ‘प्लॅनम’. इथे मात्र आपली मैदान आणि पठार ही जोडी तयारच आहे.

‘विवर’बद्दल फार अडचण नाही. विवरण आणि विवर एकाच धातूचे, उघडं करणं हा मूळ अर्थ. आघातानं झालेलं असेल तर ‘आघातविवर’ म्हणावं, म्हणजे ज्वालामुखीच्या मुखाशी गल्लत होत नाही. ऑलिंपस मॉन्स या मंगळावरच्या प्रचंड ज्वालामुखीच्या माथ्यावरचा सुमारे ८० किलोमीटर लांबीचा खड्डा आघातानं झालेला नाही. खालचा शिलारस निघून गेल्यावर माथा खचून तो बनला.

मंगळावरच्या आकारांना ‘भूरूपे’ म्हणावं की नाही, यावरही आक्षेप घेतला जातो. माझ्या मते खुशाल म्हणावं. भू म्हणजे पृथ्वी तशी जमीनही, आणि मंगळाचं एक जुनं नाव ‘भौम’, भूमीचा पुत्र, असंच आहे. कंपांसाठी मात्र ‘मंगळकंप’ बरा. इनसाइट यानानं असे १,३०० हून अधिक कंप नोंदवले, आणि त्यांना भूकंप लिहिलं की वाचक क्षणभर पृथ्वीवर येतो.

एका संज्ञेपाशी मी अडले आहे: ‘केऑस’. जमीन खचून लहानमोठ्या ठोकळ्यांत मोडलेली, मध्ये वेड्यावाकड्या भेगा, आणि बऱ्याचदा तिथूनच महापुरांची पात्रं सुरू झालेली. ‘गोंधळ’ फारच माणसाळलेला वाटतो. ‘ढासळ’ म्हटलं तर कारण सांगितल्यासारखं होतं. मला ‘विस्कट’ सुचतो: ‘अराम केऑस’ या तिथल्या अशा जागेला ‘अराम विस्कट’. घडी मोडलेली दिसते, कुणी किंवा कशानं मोडली ते शब्दात नाही. याहून नेमका शब्द कुणाच्या बोलीत असेल तर जरूर सांगा.