अंग धरलं नाही म्हणजे डेडलिफ्ट वाया गेली का?

दक्षिणद्वार :
कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या जिममध्ये सध्या एक वेगळीच हजेरी घेतली जाते. आदल्या दिवशी डेडलिफ्ट (जमिनीवरचा वजनाचा बार उचलून ताठ उभं राहायचं) मारलेलं पोरगं आत आलं की पहिला प्रश्न, "काय भावा, धरलं का अंग?" जो कठडा धरून, आडवा होत जिना उतरतो तो खरा गडी. ज्याचं काहीच दुखत नाही त्याला लगेच सल्ला, "मग काल मारलं काय? आज दोन प्लेटा जादा टाक."

माझं म्हणणं सरळ आहे. अंग आंबणं हे व्यायामाचं मोजमाप नाही. सवय नसलेलं काम पडलं, त्यातही स्नायू वजन पेलत पेलत लांबत गेला, की तो दुखतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतं आणि मग ओसरतं. १९०२ साली शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी या उशिरा येणाऱ्या दुखण्यावर लिहिलं, तेव्हाच त्यांनी स्नायूंत होणाऱ्या बारीक इजेकडे बोट दाखवलं होतं. तरी आपल्याकडं अजून "लॅक्टिक ॲसिड साठलंय" हेच चालू आहे. ते व्यायाम थांबल्यावर तासाभरात निघून जातं, परवा दुखायला शिल्लक कुठलं राहणार?

तोच व्यायाम पुढच्या आठवड्यात केला की दुखणं बरंच कमी होतं. म्हणजे दुखण्यातून कळतं ते एवढंच, की काम नवीन होतं. दर आठवड्याला नवा व्यायाम करणाऱ्याचं अंग कायम धरलेलं असतं आणि बारवरचं वजन दिवाळीला होतं तेवढंच शिमग्याला.

दुसरा मुद्दा. नवख्याला सुरुवातीचे काही आठवडे काठी, फार तर रिकामा बार द्यावा. कंबरेतून न वाकता खुब्यातून वाकायचं, हे अंगवळणी पडल्याशिवाय प्लेट लावूच नये. पटत नसेल तर खुशाल भांडा.

गंगावेशकर :
भांडायला आलोच. काठी घेऊन काय गुरं राखायची आहेत काय?

तालमीत पोरगं पहिल्यांदा आलं की जोर आणि बैठका. पहिले आठ-दहा दिवस त्याला उकिडवं बसता येत नाही, ताट घेऊन मांडी घालता येत नाही. तरी पहाटे हजर राहतंय का, हे वस्ताद बघतात. त्यातनं जे टिकलं त्यालाच हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत घेतात. दुखणं म्हणजे व्यायाम नव्हे हे मान्य, पण दुखणं अंगावर काढायची सवय लागते ती तिथंच. तुम्ही पोरांना आधीच सांगून ठेवलंत की दुखायला नको, तर पहिल्या आंबलेल्या मांडीला ते घरी बसणार.

आणि फॉर्मचं, उचलताना अंग कसं ठेवायचं त्याचं, एवढं काय घेऊन बसलाय? मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उचलणारे हमाल बघा एकदा. पाठ गोल, मान खाली, दिवसभर तेच. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत पदक मारलं, ते काय आरशात कंबर बघून?

सायबर चौक :
मी दोघांशीही भांडणार आहे, सवडीनं वाचा.

दक्षिणद्वार दादा, रिकाम्या बारनं डेडलिफ्ट शिकताच येत नाही. कारण साधं आहे. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर, म्हणजे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर येतो. आपल्या साध्या जिममध्ये पाच-दहा किलोच्या बुटक्या लोखंडी प्लेटा. त्या लावल्या की बार जवळजवळ घोट्याशी येतो, आणि रिकामा बार तर थेट फरशीवर. तिथून उचलायचं म्हणजे ज्याच्या मांडीच्या मागच्या शिरा आखडलेल्या आहेत त्याची कंबर गोल होणारच. पोरगं चुकत नाही, बार चुकीच्या जागी आहे.

माझं तेच होत होतं. ट्रेनर मागून ओरडायचे, "ताई, खाली बसा, अजून खाली." मी बसत गेले. गुडघे पुढे, बार नडगीला अडलेला, उचलताना तो गुडघ्याला वळसा घालून वर. सगळा भार कंबरेवर. दुसऱ्या दिवशी मांड्या ठणठणीत आणि कंबर मात्र फळीसारखी. शेवटी एका बाईंनी दोन्ही बाजूंच्या प्लेटांखाली आणखी दोन-दोन प्लेटा आडव्या ठेवल्या आणि म्हणाल्या, "बार पावलाच्या बरोबर मध्यावर घे. आता नडगी बारला लागेपर्यंतच गुडघे वाकव, त्यापुढं बसू नकोस. छाती काढ, बार काखेत दाबून धरल्यासारखी पाठ आवळ, पोटात श्वास भर, मग जमीन पायानं ढकल." पहिल्यांदाच ढुंगणाच्या स्नायूंनी काम केलं.

आणि हे सगळं थोडं वजन असल्याशिवाय कळलं नसतं. रिकाम्या बारला पाठ आवळली काय, न आवळली काय, तो उचलला जातोच. पाठ सैल सोडली तर बार अंगापासून लांब पळतो, हे वजनच शिकवतं. म्हणून हलकं, पण वजन हवं.

गंगावेशकर काका, पहाटे हजर राहायला माझी ना नाही. पण "दुखणं अंगावर काढ" हे ऐकूनच बायका धरलेली कंबर घेऊन स्वयंपाकघरात उभ्या राहतात. त्याचं कौतुक नको.

दक्षिणद्वार :
उंचीचा मुद्दा पूर्ण मान्य. प्लेटा लहान असतील तर खाली लाकडी ठोकळे, जुने टायर, काहीही घाला. काठीवर मात्र मी ठाम. काठी डेडलिफ्टसाठी नाहीच, वाकणं शिकायला आहे. पाठीवर उभी धरायची. डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांची मधली जागा आणि माकडहाड, तिन्हीला टेकलेली. आता खुबे मागे ढकलत वाका. काठी एका ठिकाणी जरी सुटली तरी कळतं कुठं वाकलात ते. हे दहा मिनिटांत जमणारा माणूसही असतो, त्याला मी दुसऱ्या आठवड्याची वाट बघायला लावणार नाही. मूळ लेखात "काही आठवडे" लिहिलं ते आमच्या जिमची गर्दी बघून, तिथं दहा मिनिटं कुणी देत नाही.

काका, हमालांचं उदाहरण नेहमी दिलं जातं. यार्डात आज दिसतात ते टिकलेले. ज्यांची कंबर गेली ते घरी आहेत, ते तुम्हाला तिथं दिसणार कसे? शिवाय त्यांचं अंग पोरवयापासून रोज थोडं थोडं करत तयार झालेलं असतं. ऑफिसात आठ तास खुर्चीत बसणाऱ्यानं एका संध्याकाळी तेच करायला जाऊ नये.

गंगावेशकर :
मग तालमीत तरी काय वेगळं करतो? हौद्यातली माती खणायला लावतो की. खोरं घेऊन वाकायचं, ओढायचं, पुन्हा वाकायचं. तुमची काठी ती हीच. पण तिला आम्ही व्यायाम शिकवणं म्हणत नाही, काम म्हणतो, म्हणून पोरगं लाजत नाही.

मालीशचं कुणी काही बोलेना. रगडून घेतलं की अंग मोकळं होतं, हे तरी मान्य आहे का शास्त्राला?

फिजिओ, शाहूपुरी :
मान्य आहे. मालीशनं दुखणं थोडं कमी जाणवतं. हलकं चालणं, सायकल, झोप यांचाही उपयोग होतो. व्यायामाआधी-नंतर स्नायू ताणत बसल्यानं मात्र या दुखण्यात नावापुरताच फरक पडतो. वेदनाशामक गोळी खाऊन पुन्हा बारकडे जाऊ नका.

चर्चेत एक गोष्ट निसटते आहे. आंबलेलं अंग दोन्ही बाजूंना सारखं, पसरट दुखतं, हाललं की जरा सैल होतं. उचलताना मध्येच चमक निघाली, उसण भरली, एकाच बाजूला टोचतंय, ढुंगणातून पोटरीपर्यंत कळ जाते किंवा पायाला मुंग्या येतात, तर ते आंबणं नव्हे. तिथं थांबा आणि दाखवून घ्या. लघवीवर ताबा राहत नसेल किंवा दोन पायांमधली जागा बधिर वाटत असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात जा. आणि भरमसाट व्यायामानंतर स्नायू सुजले, लघवी गडद चहासारखी झाली, तर तेही "लय भारी झाला वर्कआउट" म्हणून मिरवू नका. स्नायू मोडून त्यातला माल मूत्रपिंडात चाललेला असतो.

बारबहाद्दर :
सगळे पाठ सरळ, पाठ सरळ करताय. लाटव्हियाच्या कॉन्स्टँटिनोव्स या पॉवरलिफ्टरनं डेडलिफ्टला ४२६ किलो उचलले, कंबरेला पट्टा न बांधता, पाठ चक्क गोल. आणि मोजमाप करून पाहिलंय लोकांनी, आपल्याला सरळ वाटते तेव्हाही कंबरेचे मणके थोडे वाकलेलेच असतात. मग नवख्याला "पाठ वाकली की गेलास" अशी भीती कशाला घालायची? घाबरलेला माणूस जास्त आखडतो.

सायबर चौक :
भीती घालू नये, याला माझं अनुमोदन. पण त्याची गोल होती ती वरची पाठ, आणि ती सुरुवातीपासूनच तशी धरलेली. वजन जमिनीवरून सुटताना सरळ असलेली कंबर मध्यावर ढासळणं ही वेगळी गोष्ट. पहिलीत त्यानं वर्षं घातली, दुसरी आपल्या जिममध्ये रोज संध्याकाळी सातला फुकट बघायला मिळते.

बारबहाद्दर :
बरं, ते सोडा. दुखायला नकोच असेल तर बार वर नेऊन खाली सोडून द्यायचा ना? हळूहळू उतरवतानाच तर अंग धरतं.

दक्षिणद्वार :
बरोबर. म्हणूनच पाय जवळजवळ ताठ ठेवून सावकाश उतरवायच्या रोमानियन प्रकारानं मांडीची मागची बाजू सगळ्यात जास्त धरते. पण नवख्यानं बार टाकू नये. खाली नेतानाही तोच रस्ता, आधी खुबे मागे, बार गुडघ्याखाली गेला की मग गुडघे वाकवायचे. वर जाताना चुकणारा माणूस खाली येताना शिकतो. आणि आमच्या जिमखाली दवाखाना आहे, दर संध्याकाळी डॉक्टर वर येऊन भांडतात.

गंगावेशकर :
मातीत टाका म्हणावं, आवाज येत नाही. काठीवाले, रविवारी पहाटे या तालमीत. तुमची पोरं घेऊन या, खोरं आम्ही देतो. उकिडवं बसता आलं तर नंतर दूध कट्ट्यावर दूध माझ्याकडून.

दक्षिणद्वार :
येतो. काठी घेऊनच येतो.