४० वर्षं जुनी फोक्सवॅगन कॅम्पर घेतोय (टी३ वेस्टफालिया, जर्मनी), आधी काय काय बघायचं?

नीरजा_बाडेन

नमस्कार मंडळी, आम्ही कार्ल्सरुहेजवळ राहतो, मी, नवरा आणि अडीच वर्षांची लेक. नवऱ्याच्या डोक्यात कधीपासून जुनी बुली (फोक्सवॅगनच्या व्हॅनचं लाडकं नाव) घ्यायचं आहे आणि आता खरंच एक मिळतेय. १९८४ ची टी३, म्हणजे या व्हॅनची तिसरी पिढी, वेस्टफालिया कंपनीने आतून कॅम्पर केलेलं जोकर मॉडेल, छत वर उघडणारी, १.९ लिटर पेट्रोल, ७८ पीएसवालं पाण्यावर थंड होणारं इंजिन. मालक सत्तरीचे आजोबा आहेत, आता झेपत नाही म्हणून विकतायत, १७ हजार युरो सांगतायत. एचवाली, म्हणजे जुन्या ऐतिहासिक गाड्यांची नंबरप्लेट आहे, ट्युफ (गाडीची सक्तीची तपासणी) अजून वर्षभर आहे. फोटोत फारच देखणी दिसते, चौकटीचं कापड, छोटी शेगडी, गोल फिरणारी पुढची सीट, सगळं मूळचंच. मलाही आवडलीय हे खरं सांगते.

पण या इंजिनबद्दल वाचलं की सगळीकडे हेड गॅस्केट, हेड गॅस्केट एवढंच दिसतं आणि धडकी भरते. आमच्या दोघांपैकी कुणालाही ऑइल बघण्यापलीकडे काही येत नाही. तर ही गाडी आमच्यासारख्यांनी घ्यावी का, बघायला गेल्यावर नक्की काय बघायचं, वर्षाला साधारण कशाकशाचा खर्च येतो आणि लेकीची कार सीट मागे नीट बसते का, हे कुणी वापरणाऱ्याने सांगितलं तर फार बरं होईल. शनिवारी बघायला जातोय.

सातारकर_हेसन

नीरजाताई, माझ्याकडे १९८६ ची टी३ आहे, बरीच वर्षं मीच सांभाळतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिलं म्हणजे इंजिनची धडकी सोडा, गंजाची धरा. इंजिन उतरवता येतं, उघडता येतं, पार्ट अजून मिळतात, बिल किती होईल ते आधी विचारता येतं. पत्रा आतून सडलेला असेल तर वेल्डिंगवाला एक तुकडा कापतो आणि मागे अजून दोन निघतात, त्या बिलाचा अंदाज कुणीच देऊ शकत नाही.

टी३ मध्ये गंज कुठे येतो हे ठरलेलं आहे. गाडीच्या अंगावर पत्र्यांचे जोड दिसतात बघा, उभ्या आणि आडव्या खाचा, त्यात कंपनीने भरलेलं सीलंट वाळून तडकतं, पाणी आत शिरतं आणि रंगाखालून फुगवटा येतो. त्या प्रत्येक खाचेवरून बोट फिरवत जा. मग पुढच्या काचेच्या रबराचे खालचे दोन कोपरे, चाकांच्या कमानी, दारांखालचा पट्टा. किचनच्या बाजूला बाहेरून पाणी भरायचं झाकण आणि विजेचं सॉकेट असतं, त्यांच्या भोवतीचा पत्रा खास बघा कारण त्याच्या आतल्या बाजूला कपाटं आणि इन्सुलेशन आहे, तिथे ओल धरली की ती वाळतच नाही. पुढच्या प्रवासी सीटखाली बॅटरी असते, ती बाहेर काढायला सांगा आणि खालचा पत्रा बघा. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक न्या, जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. नवाकोरा रंग असेल तर उलट जास्त संशय घ्या, जुन्या रंगाची गाडी खोटं बोलत नाही.

आता इंजिन. याला चार सिलेंडर आडवे, दोन-दोन समोरासमोर, आणि दोन्हीकडे ॲल्युमिनियमची हेडं, म्हणजे सिलेंडरवरची झाकणं, आणि गॅस्केट म्हणजे त्या जोडातलं सील. बाकीच्या गाड्यांत हेड गॅस्केट म्हणजे जे असतं ते इथे थोडं वेगळं आहे. सिलेंडरच्या बाहेरून पाणी फिरतं आणि ते पाणी आत ठेवायला हेडच्या कडेने एक जाड रबराचं गॅस्केट बसवलेलं आहे. कूलंट वर्षानुवर्षं बदललं नाही किंवा चुकीचं भरलं की त्या रबराखालचं ॲल्युमिनियम खड्डे पडून खराब होतं आणि पाणी बाहेर झिरपायला लागतं. बाहेर हं, ऑइलमध्ये नाही, त्यामुळे ऑइल स्वच्छ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. गाडीखाली आडवं व्हा, टॉर्च मारा, हेड आणि इंजिनच्या जोडावर पांढरट किंवा हिरवट खार जमलाय का, थेंब लोंबतोय का ते बघा.

मागची नंबरप्लेट झडपेसारखी खाली उघडते. आत ऑइलची डिपस्टिक आणि कूलंटची एक बाटली असते. दुसरी बाटली आत इंजिनपाशी, ती कायम काठोकाठ भरलेलीच हवी, कमी-जास्त होते ती नंबरप्लेटमागची. त्यातलं पाणी कुठल्या रंगाचं आहे ते बघा. स्वच्छ रंगीत असेल तर ठीक, चहासारखं तपकिरी असेल तर समजायचं की आत गंज फिरतोय. कूलंट फॉस्फेट नसलेलंच हवं आणि दर दोन वर्षांनी बदलायचं, या इंजिनचं निम्मं आयुष्य त्यावर आहे. इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे म्हणून पाण्याचे लांब पाइप गाडीच्या पोटाखालून जातात, सगळं मिळून १७ लिटरच्या आसपास कूलंट लागतं. जुन्या गाड्यांना हे पाइप लोखंडी होते, तेही सडतात, लिफ्टवर घेतली की दिसतात.

आणि कूलंट बदलल्यावर हवा काढणं हा वेगळाच कार्यक्रम आहे. पुढचं तोंड जॅकवर ४० सेंटीमीटर तरी उचलायचं, हीटरचे कॉक पूर्ण उघडे, एकाने इंजिन २००० आरपीएमवर धरायचं, दुसऱ्याने पुढची जाळी काढून रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातला छोटा स्क्रू सैल करायचा. आधी नुसती फुसफुस, मग बुडबुडे, मग सलग धार लागली की बंद. हे न करता नुसतं भरून दिलं तर हवा अडकून राहते आणि पहिल्याच चढाला तापमानाचा काटा वर जातो. गॅरेजवाल्याला हे माहीत आहे का ते आधी विचारा, तरुण पोरांनी ही गाडी कधी उघडलेलीच नसते.

खर्चाचं म्हणाल तर एच प्लेट असल्याने टॅक्स ठरलेला आहे, वर्षाला १९१ युरो ७३ सेंट, आणि पर्यावरण झोनमध्ये स्टिकरशिवाय जाता येतं. पण एच टिकवायचा तर गाडी मूळ रूपातच हवी, वाटेल ते बदल चालत नाहीत. इन्शुरन्ससाठी किमतीचा रिपोर्ट लागतो, तो आजोबांकडे आहे का विचारा आणि त्याची तारीख बघा. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तेव्हा गाडी बाहेर काढायचीच नाही, मार्च ते ऑक्टोबरचा सीझन नंबर एचसोबतही मिळतो. त्यामुळे खरा खर्च कोरड्या जागेचा. छप्पर असलेली जागा आधी शोधा, गाडी मग. उघड्यावर ठेवायची असेल तर मी तरी घेऊ नका म्हणेन.

वैशाली_लेस्टर

सातारकरदादांनी इंजिन आणि पत्रा सांगितलाय, मी घराचा भाग सांगते कारण लोक घेताना तोच विसरतात. इकडे इंग्लंडमध्ये याच गाडीला टी२५ म्हणतात, आमची १९८३ ची आहे. चाळीस वर्षं झाली की इथे रोड टॅक्स माफ होतो आणि एमओटी, म्हणजे इथली वार्षिक गाडी तपासणीही सक्तीची राहत नाही, पण आम्ही दरवर्षी करून घेतोच, लहान मुलं घेऊन फिरायचं तर कुणीतरी तिसऱ्याने ब्रेक बघितलेले बरे.

नीरजा, छत वर करून आत डोकं घाल आणि वास घे. कुबट वास आला तर कापड ओलं असताना बंद केलेलं आहे. कापडाच्या शिवणी, कोपरे आणि गादीखालची फळी बघ, काळे ठिपके म्हणजे बुरशी. नवीन कापड मिळतं पण बसवायला वेळ खातं. आपण पावसात छत बंद करून निघालो तर घरी आल्यावर त्याच दिवशी परत उघडून वाळवायचं, यात आळस चालत नाही.

फ्रिज हा तीन प्रकारे चालतो, गॅस, घरची वीज आणि गाडीची १२ व्होल्ट. १२ व्होल्टवर तो सात-आठ अँपिअर खातो त्यामुळे फक्त गाडी चालू असतानाच वापरायचा, थांबल्यावर तसाच राहिला तर सकाळी बॅटरी रिकामी. शिवाय हा फ्रिज गाडी सपाट उभी असेल तरच नीट थंड करतो. बघायला जाताना आजोबांना आदल्या रात्रीच गॅसवर चालू करून ठेवायला सांग, तासाभरात त्याची परीक्षा होत नाही.

आणि गॅस, यात अजिबात काटकसर नको. रबरी नळी आणि रेग्युलेटर दोन्हींवर तारीख असते, दहा वर्षं झाली की बदलायचे. जुन्या जर्मन शेगड्या ५० मिलिबारच्या असतात आणि आता दुकानात मिळणारे बहुतेक रेग्युलेटर ३० मिलिबारचे, शेगडीच्या पट्टीवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय नवीन आणू नको. जर्मनीत गॅसची तपासणी दर दोन वर्षांनी असते, त्याचं पिवळं पुस्तक माग.

डिझेल_पाटील

पेट्रोलचे रबरी पाइप कुणीच लिहिले नाहीत म्हणून लिहितो, माझ्या दृष्टीने सगळ्यात आधी तेच. टाकी पुढे, इंजिन मागे, सगळीकडे छोटे रबरी तुकडे, वाळले की तडकतात आणि पेट्रोल गरम इंजिनवर ठिबकतं. अशा कॅम्पर जळालेल्या आहेत. गाडी घेतल्यावर पहिल्या आठवड्यात एकूण एक नळी आणि क्लिप बदलून घ्या, इथेनॉलवाल्या पेट्रोलला टिकणारी नळी मागा, फार पैसे लागत नाहीत. आत आग विझवायचा सिलेंडर हाताशी ठेवा, मागच्या कपाटात नको, ड्रायव्हरच्या सीटपाशी.

लेकीच्या सीटबद्दल, त्या काळात मागच्या बाकाला कधी नुसता कमरेचा पट्टा असायचा, कधी काहीच नाही. जर्मनीत पट्टेच नसलेल्या गाडीत तीन वर्षांखालचं मूल नेताच येत नाही, कायदा आहे. आत्ताची कार सीट शनिवारी सोबत न्या आणि प्रत्यक्ष बसवून बघा. तीन ठिकाणी अडकणारे पट्टे नंतर बसवता येतात पण ते ट्युफवाल्याला आधी विचारून, जाणत्या माणसाकडूनच. हे होत नसेल तर बाकी सगळं छान असूनही घेऊ नका वहिनी.

टायर पण बघा. जास्त वजनाचे, सी लिहिलेले लागतात, १८५ आर १४ सी. कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी नवी दिसते आणि टायर पंधरा वर्षांचा असतो, कमी चालणाऱ्या गाड्यांत हे नेहमीचं.

जाता जाता, आपली आकुर्डीची मॅटाडोर आठवते ना, तिचं मूळही जर्मनच, हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीचं, आणि तिकडच्या अगदी पहिल्या मॅटाडोरला इंजिन फोक्सवॅगनचं होतं. त्यामुळे मला ही बुली परकी वाटतच नाही.

नीरजा_बाडेन

सगळ्यांचे मनापासून आभार, यादी करून नेली होती. आजोबा फार सज्जन निघाले, बॅटरीसकट सगळं काढून दाखवलं, पिकनिकच्या जुन्या पावत्यांपर्यंतची फाइल आहे त्यांच्याकडे. गाडी कायम गॅरेजमध्येच होती. बॅटरीखालचा पत्रा स्वच्छ, काचेचे कोपरे चांगले, कापडाला वास नाही, फ्रिजमध्ये लोणी घट्ट झालेलं. पाणी भरायच्या झाकणाखाली मात्र रंग फुगलाय, साधारण तळहाताएवढा. कूलंट तपकिरी आहे, शेवटचं कधी बदललं त्याची पावती फाइलमध्ये सापडली नाही. उजव्या बाजूच्या हेडपाशी पांढरा खार दिसला, थेंब नव्हता. मागे पट्टे फक्त कमरेचे. टायर २०११ चे. आता काय करू?

सातारकर_हेसन

ताई, ही वाईट गाडी नाहीये, पण १७ हजारांचीही नाही. टायर नवीनच, पट्ट्यांचं काम, झाकणापाशी पत्रा कापून वेल्डिंग, आणि उजवं हेड उघडावं लागणार असं धरूनच चाला. तपकिरी कूलंट आणि खार दोन्ही एकत्र म्हणजे आज नाही तर पुढच्या उन्हाळ्यात उघडावं लागेल. आणि एक उघडलं की दुसरंही त्याच वेळी करून घ्यायचं, एक्झॉस्टचे गंजलेले बोल्ट काढतानाच निम्मी मजुरी जाते, ती दोनदा कशाला द्यायची. टी३ माहीत असलेल्या दोन गॅरेजमधून लेखी अंदाज घ्या आणि तो कागद आजोबांसमोर ठेवा, भांडायची गरज नाही, इतकी फाइल ठेवणारा माणूस समजून घेईल. झाकणामागचं कपाट काढून पत्रा आतून बघितल्याशिवाय सही करू नका, बाहेर तळहाताएवढं असेल तर आत किती ते तेव्हाच कळेल.

पाइपमध्ये नुसतं नवीन कूलंट ओतून पाठवतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. हेड उघडायचंच आहे तर आधी सगळं साध्या पाण्याने धुऊन घ्या, काम झालं की मग नवीन भरा. लिफ्टवर कधी घेताय ते कळवा, शनिवार असेल तर मी फ्रँकफर्टहून येतो, दीड तासाचा रस्ता आहे.

नीरजा_बाडेन

दादा, खरंच याल? गॅरेजवाल्याने पुढच्या शनिवारी सकाळी दहाची वेळ दिलीय, कपाट काढून ठेवायला सांगितलंय. पत्ता मेसेज करते. जेवायलाच या, वहिनींना पण घेऊन या.