चेंगदूसारखी झणझणीत काकडी घरी जमेना. काकडी लुळी पडते, लसूण निळा होतो!

उंटावरची_शहाणी

मागच्या वर्षी कामानिमित्त दीड महिना चीनमधल्या चेंगदू शहरात होते. राहायच्या जागेखालीच नूडल्सचं एक टीचभर दुकान होतं. चार टेबलं, आठ स्टुलं. नूडल्स यायच्या आधी समोर एक छोटी बशी आदळली जायची आणि तिच्यात काकडी. बोटाएवढे उभे तुकडे, साल हिरवीगार, वर लालसर तेलाचा तवंग. चावली की कर्र आवाज. आधी आंबटगोड लागायची, मग तिखट, आणि सगळ्यात शेवटी जिभेला अशा मुंग्या यायच्या की मांडी घालून बसल्यावर पायाला येतात तशा. नूडल्स विसरले मी, ती बशी विसरता येत नाही.

दुकानातल्या बाईंना कृती विचारली. त्यांना माझं कळेना, मला त्यांचं. "पाओत्साय" एवढा एक शब्द पकडला आणि घरी आले. तेव्हापासून तीनदा आपटले आहे.

पहिल्यांदा अर्ध्या किलो काकड्यांच्या चकत्या केल्या. मीठ, साखर, राइस व्हिनेगर, सोया सॉस, तिखट तेल सगळं एकदम घालून बरणी हलवली. दुसऱ्या दिवशी बरणीत निम्मं पाणी आणि त्यात ओल्या कागदासारख्या चकत्या.

दुसऱ्यांदा कुठेतरी वाचलं म्हणून व्हिनेगर उकळून गरमागरम ओतलं. काकडीचा रंग तासाभरात शेवाळी झाला. चव बरी होती, पण आवाज गेला. आवाज नसेल तर काय उपयोग?

तिसऱ्यांदा लाल सुक्या मिरच्या आणि सिचुआन मिरी (जिभेला मुंग्या आणणारी ती चिनी मिरी) कडकडीत तेलात टाकून फोडणी केली. कडूजहर. वर दाताखाली वाळूसारखं काहीतरी कचकचत होतं. तरी चिकाटीने ठेवली, तर चौथ्या दिवशी त्यातला लसूण निळा-हिरवा! बरणीसकट फेकून दिली. नवरा म्हणाला, "काकडी आहे, काकडीसारखी खा ना." त्यांच्याशी सध्या बोलणं कमी आहे.

तर प्रश्न: पाणी कसं थांबवायचं, मिरी कडू का होते, आणि तो निळा लसूण विषारी होता का? जाणकारांनी कृपया सांगावं. "विकतची आणा" हा प्रतिसाद नको.

शंकासुर

पाणी थांबवायचं नाही, आधीच काढून घ्यायचं. मीठ आधी, बाकी सगळं नंतर. तुम्ही सॉससकट मीठ घातलंत म्हणजे काकडीतलं पाणी सॉसमध्येच उतरलं. सॉस फिका, काकडी लुळी, दोन्हीकडून नुकसान.

आणखी एक. काकडीला दोन टोकं असतात, देठाचं आणि फुलाचं. फुलाच्या टोकाशी काकडी मऊ करणारी एन्झाइम्स जास्त असतात, त्यामुळे टिकवायच्या काकडीचं ते टोक पातळसं कापून टाकावं. कडूपणा मात्र बहुतेक देठाकडे असतो, तेव्हा तेही थोडं उडवा आणि एक तुकडा चाखून बघा. कडू निघाली तर कितीही मुरवा, कडूच राहते.

बरणीवाला

शहाणीताई, तुमचा गोंधळ कृतीत नाही, नावात आहे. चार वर्षं चेंगदूत काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिथे तिखट काकडी म्हणून किमान तीन वेगळ्या गोष्टी खातात. एक, पाय ह्वांगग्वा. 'पाय' म्हणजे थापटणं, 'ह्वांगग्वा' म्हणजे काकडी. चिनी सुरीचं रुंद पातं आडवं धरून काकडीवर थाडकन मारायचं, ती फुटते, मग तिचे वेडेवाकडे तुकडे. चोचवलेली नाही, चिरलेली नाही, ठेचलेली. त्या खडबडीत कडांना सॉस धरतो, गुळगुळीत चकतीवरून तो घसरतो. पण ही दहा मिनिटांत खाऊन संपवायची गोष्ट. उद्यासाठी ठेवलीत की चिखल.

दोन, खरी पाओत्साय. मिठाच्या पाण्यात आंबवलेली, व्हिनेगरचा थेंबही नाही. आंबटपणा त्या पाण्यातच तयार होतो. आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी होत्या, त्यांच्या गॅलरीत या कामाचं मातीचं मडकं होतं. मडक्याच्या गळ्याभोवती पन्हळीसारखी खाच, तिच्यात पाणी भरायचं आणि वर वाटी पालथी घालायची. आतला वायू पाण्यातून बुडबुड्याने बाहेर पडतो, बाहेरची हवा आत जात नाही. रात्री सामसूम झाली की "गुडुप... गुडुप" ऐकू यायचं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं नळ गळतोय.

मडक्यातलं पाणी म्हणजे लाओ यानश्वे, जुनं खारं पाणी. ते फेकत नाहीत, वर्षानुवर्षं तेच वापरतात, कमी झालं तर मीठ आणि पाणी वाढवतात. आत आलं, सुक्या मिरच्या, सिचुआन मिरी, खडीसाखर आणि थोडी बायच्यू, म्हणजे तिथली धान्याची कडक दारू. काकडी, मुळ्यासारख्या रसाळ भाज्या त्यात एका रात्रीपुरत्या टाकून काढतात. त्याला म्हणतात शीत्साओ पाओत्साय, शब्दशः "आंघोळ केलेलं लोणचं". बुडी मारली, बाहेर आली. मला हे नाव फार आवडतं.

एकदा आजींनी मला हक्काने काढून घ्यायला सांगितलं आणि मी जेवता जेवता तेलकट चॉपस्टिक आत घातली. तीन दिवसांनी पाण्यावर पांढरी साय. आजींनी काही न बोलता झाकणभर बायच्यू ओतली, आणि पुढचे दोन आठवडे मला गॅलरीत पाऊल टाकू दिलं नाही. काकडी मिळायची, पण बशीत वाढून, दारातून.

तीन, तुम्ही खाल्लीत ती. तेलाचा तवंग आणि आंबटगोड चव सांगताय म्हणजे ती मडक्यातली नव्हे. मीठ लावून पाणी काढलेली, वरून मिरचीचं गरम तेल ओतून व्हिनेगर-साखर-सोयात रात्रभर ठेवलेली. दुकानवाल्या बाईंनी कदाचित सगळ्याला मिळून पाओत्साय म्हटलं असेल. तर अर्ध्या किलोचं माप देतो:

काकड्या बारीक आणि कमी बियांच्या घ्या. तिथल्या लांब, सडपातळ आणि अंगावर काटे असलेल्या असतात. जाड मिळाली तर उभी चिरून चमच्याने बियांचा गर खरवडून टाका, पाणी सगळं तिथेच असतं. बोटाएवढे तुकडे करा, साल ठेवा. वजनाच्या दोन टक्के मीठ, म्हणजे १० ग्रॅम. अंदाजपंचे नको, वजनकाटा काढा. चोळून तासभर चाळणीत ठेवा, खाली भांडं. पाणी बघून तुम्हीच चकित व्हाल. मग धुवायचं नाही! हलक्या हाताने दाबून कापडावर पसरा आणि पंख्याखाली आणखी तासभर. तुकडा वाकवला तर लगेच न तुटता थोडा लवला पाहिजे. लोकांना वाटतं कुरकुरीतपणा ताज्या काकडीत असतो. मुरलेल्या काकडीचा कुरकुरीतपणा पाणी गेल्यावर येतो, चिवट-कर्र असा. तुम्हाला आठवतोय तो हाच.

सॉस: ४ मोठे चमचे राइस व्हिनेगर, २ चमचे फिका सोया सॉस, २ चमचे साखर. साखर विरघळेपर्यंत गरम करा आणि पूर्ण गार होऊ द्या. तुमच्या दुसऱ्या प्रयोगात आवाज गेला तो उकळत्या ओतण्यामुळे. रंगाचं मात्र मनावर घेऊ नका. आम्लात हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवा शेवाळी होतो. गरम असलं की तासात, गार असलं की काही दिवसांत, पण होतोच.

काळं चनच्यांग व्हिनेगर असेल तर अर्धं ते घाला. चिकट तांदळापासून करतात, वास खोल असतो. सगळंच काळं घातलंत तर काकडी चिखलात लोळून आल्यासारखी दिसते, हे अनुभवाने सांगतो.

आता तेल. सिचुआन मिरीत काम करतं ते टरफल. आतली काळी बी म्हणजे तुमची वाळू. ताटलीत पसरून वेचून काढा, कंटाळवाणं आहे पण इलाज नाही. कडकडीत तेलात मिरी क्षणात करपते, म्हणून कडू. उलट करा: ३ चमचे वासरहित तेल गार असतानाच त्यात एक छोटा चमचा मिरी आणि आठ-दहा सुक्या मिरच्या कातरून, बिया झटकून घाला. मंद आच. बुडबुडे येतील, वास सुटेल, मिरच्यांचा लाल रंग जरा गडद होऊ लागला की बंद. चॉकलेटी होईपर्यंत थांबलात तर गेलं, कारण बंद केल्यावरही तेल शिजवत राहतं. ते काकडीवर ओता, चुर्र होईल, मग गार सॉस. काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये रात्रभर. चार-पाच दिवसांत संपवा.

लसणाचं राहिलं. निळा-हिरवा लसूण विषारी नाही. चीनच्या उत्तरेकडे तो मुद्दाम करतात! चांद्र वर्षाच्या बाराव्या महिन्यातल्या अष्टमीला सोललेल्या पाकळ्या व्हिनेगरमध्ये घालतात, त्या पाचूसारख्या हिरव्या होतात. नाव लाबा स्वान. नववर्षाच्या सुमाराला डंपलिंगबरोबर खातात. लसणातली गंधकयुक्त संयुगं आणि अमिनो आम्लं मिळून आम्लात निळे-पिवळे रंग बनतात, एवढंच. थंडीत साठवलेला लसूण जास्त रंगतो. तुम्ही मेजवानी फेकलीत, ताई.

फक्त एक भानगड करू नका. कच्चा लसूण नुसत्या तेलात घालून ओट्यावर दिवसेंदिवस ठेवू नका. तिथे आम्ल नसतं, हवा नसते, आणि बोटुलिझमच्या, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेच्या, जंतूला तेच हवं असतं. लसूण घालायचा तर व्हिनेगरच्या सॉसमध्ये आणि बरणी फ्रिजमध्ये.

रिकामटेकडी

बरणीवाला, आजींचा भाग वेगळा लिहा हो!

थोडं अवांतर. त्या ठेचलेल्या काकडीवरून चीनमध्ये चक्क दंड झाले आहेत. २०२२ मध्ये अन्हुई प्रांतातल्या हफेय शहरात काही छोट्या खाणावळींना ५,००० युआनचा दंड झाला, कारण थंड पदार्थ विकायचा परवाना नसताना त्यांनी पाय ह्वांगग्वा विकली. लोकांनी खूप आरडाओरडा केला. १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत असल्या साध्या पदार्थांसाठी अटी सैल केल्या. काकडी ठेचायला सरकारी कागद!

शहाणी, हात बसला की स्वोयी ह्वांगग्वा करून बघा. स्वोयी म्हणजे गवता-काथ्याचं जुन्या पद्धतीचं इरलं. काकडीच्या दोन्ही बाजूंना दोन चॉपस्टिक ठेवायच्या, म्हणजे सुरी तळापर्यंत जात नाही. एका बाजूने तिरक्या बारीक चिरा, पालथी करून दुसऱ्या बाजूने सरळ. उचलली की स्प्रिंगसारखी लांबते. माझ्या पहिल्या तीन तुटल्या, त्या उभ्या उभ्या खाल्ल्या.

शंकासुर

बरणीवाला, पंख्याखाली तासभर ठेवायचं तर मीठ दोन टक्क्यांवरून दीडवर आणता येईल का? सोयातही मीठ आहेच.

बरणीवाला

येईल, पण मग तासाऐवजी दोन तास ठेवा. खारट वाटली तर सोया कमी करा, काकडीचं मीठ नको. तिथे हात आखडलात की पाणी नंतर बरणीत येऊन हिशेब चुकता करतं.

उंटावरची_शहाणी

सगळ्यांना दंडवत. परवा केली, आज अहवाल.

१० ग्रॅम मीठ, एक तास. अर्ध्या किलोतून जवळजवळ पाऊण वाटी पाणी निघालं. मागच्या वेळी हे सगळं मी सॉस म्हणून बरणीत ठेवलं होतं! पंख्याखाली पसरल्यावर तुकडे म्हातारे दिसायला लागले, सुरकुतलेले. वाटलं चौथ्यांदा वाट लागली. तरी बरणीवाल्यांचं ऐकून वाकवून बघितला, लवला.

तेल गार असताना मिरी घातली. पाच मिनिटं काहीच होईना, आच वाढवायला हात शिवशिवत होता. मग एकदम वास आला. लिंबाच्या सालीसारखा आणि पावसात भिजलेल्या लाकडासारखा, दोन्ही. तोच वास, दुकानाच्या दारातला. गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिले जरा.

सकाळी बरणी उघडली. कर्र. पुन्हा एक, कर्र. आवाज आला! मुंग्या थोड्या कमी आल्या, पुढच्या वेळी मिरी दीड चमचा. गोडी किंचित जास्त झाली, पण ती माझी चूक, साखरेचा चमचा शीग लावून भरला होता.

लसूण मुद्दाम सहा पाकळ्या जास्त टाकल्या आहेत आणि निळा व्हायची वाट बघतेय. नवऱ्याने आल्या आल्या चार तुकडे उभ्यानेच खाल्ले आणि "अजून आहे का?" विचारलं. बरणी सध्या फ्रिजमध्ये दह्याच्या मागे लपवली आहे. मिरीच्या बिया मात्र इतकं निवडूनही तीन निघाल्या, तिन्ही माझ्याच दाताखाली.