मदत हवी आहे: ‘द वॉकिंग डेड’ ही झॉम्बींची मालिका आठव्या सीझननंतर पुढे बघावी का?

आठवा सीझन संपवला आणि नायक रिकचा मुलगा कार्ल याच्या मरणापाशीच अडकून पडलोय. सातव्या सीझनच्या सुरुवातीला खलनायक नेगनने रिकच्या गटातल्या ग्लेन आणि अब्राहमला मारलं, ते कसंबसं पचवलं. ग्लेनचं मरण निदान मूळ कॉमिकमध्ये तरी होतं. पण कॉमिकमधला कार्ल शेवटपर्यंत जगतो! इथे तो सिद्दीक नावाच्या अनोळखी माणसाला वाचवताना झॉम्बीचा चावा बसून जातो. रिक आणि त्याची जोडीदार मिशोन जळक्या चर्चबाहेर बसलेत आणि आतून गोळीचा दबका आवाज येतो, हा प्रसंग डोक्यातून जातच नाही. मला वाटायचं, रिकची सगळी धडपड या पोरासाठीच आहे. तोच नाही, तर मालिका नेमकी कुणाची उरली?

नवव्या सीझनपासून मालिकेच्या निर्मितीची सूत्रं अँजेला कांगकडे आली आणि त्याच सीझनमध्ये रिकही बाहेर पडतो, एवढं कळलंय. अकराव्या सीझनपर्यंत जायचं म्हणजे अजून बराच पल्ला आहे.

ज्यांनी मालिकेचा २०२२ मधला शेवट पाहिलाय त्यांनी कृपया सांगा: कार्लच्या जाण्याला पुढे काही अर्थ मिळतो का? त्याची धाकटी बहीण ज्युडिथ ती जागा भरून काढते का? की सरळ कॉमिक वाचायला घेऊ? शेवट मात्र फोडू नका, प्लीज.